पोरगं पोलिसांनी नेल्याचा फोन आला, तर

आधी स्वतः ठाण्यात जा. नगरसेवकाला फोन, ओळखीच्या हवालदाराला फोन, मेव्हण्याच्या मित्राचा वकील, हे सगळं रिक्षात बसल्यावर करा. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत बाल न्याय कायदा पहिल्या मिनिटापासून एक गोष्ट शोधत असतो: याला सांभाळणारं मोठं माणूस आहे का? तुम्ही तिथे दिसलात की पुढच्या पुष्कळ गोष्टी वेगळ्या घडतात. मी सोलापुरात परिविक्षा अधिकारी होते, म्हणजे अशा मुलांच्या घरी जाऊन चौकशीचा अहवाल देणारी आणि नंतर त्यांच्यावर देखरेख ठेवणारी. निवृत्त झाले तरी वस्तीतली एखादी आई अजून रात्री दार वाजवते आणि मी तिला हेच सांगत घराबाहेर पडते. दर वेळी तोंडी सांगते ते एकदा नीट लिहून ठेवते आहे.

काही बाप जात नाहीत. म्हणतात, "राहू दे दोन दिवस आत, अक्कल येईल." नाही येत. आत मोबाईल चोरणाऱ्याला घरफोडी करणारा भेटतो, त्याचा नंबर पाठ होतो आणि पोरगं बाहेर येतं ते बापावर राग धरून. काही आया लाजेनं जात नाहीत. लाज मला कळते. पण ती बाजूला ठेवायची हीच वेळ.

ठाण्यात

पोचल्यावर ठाणे अंमलदाराला विचारा, "साहेब, इथले बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण?" प्रत्येक ठाण्यात असा एक अधिकारी नेमलेला असतो, शिवाय जिल्ह्याला विशेष बाल पोलीस पथक असतं. मूल त्यांच्याच ताब्यात द्यायचं आणि त्यांनी गणवेशाऐवजी साध्या कपड्यात त्याच्याशी बोलायचं, असा नियम आहे. आवाज चढवू नका, पण प्रश्न विचारायला कचरूही नका. तुमच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, एका रात्रीपुरतंही नाही. बेड्या घालता येत नाहीत. मुलीला पुरुष पोलिसाने ताब्यात घ्यायचं नाही. मुलाकडून कबुली घ्यायची नाही, कुठल्याही जबाबावर त्याची सही घ्यायची नाही. मुलाच्या जवळ बसायला मिळालं की हे त्याला कानात सांगा: "विचारलं तर नाव-गाव नीट सांग, उद्धटपणा करू नको, सही करू नको."

मग कागदाच्या चिठोऱ्यावर का होईना, लिहून ठेवा: पोराला कुठून नेलं, किती वाजता, सोबत कोण होतं, कोणी पाहिलं. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळासमोर (अठराखालच्या मुलांची प्रकरणं तिथे चालतात) हजर करायचं असतं, त्यात फक्त प्रवासाचा वेळ धरत नाहीत. हे तास मुलाला उचललं तिथपासून मोजायचे असतात, आणि कागदावरची वेळ कधी कधी त्यानंतरची पडते. तुमच्याकडे वेळ लिहिलेली असेल तर मंडळासमोर बोलता येतं. मारलं असेल तर तेही पहिल्याच हजेरीला सांगायचं आणि वैद्यकीय तपासणी मागायची. आठ दिवसांनी वळ दिसत नाहीत.

आणखी एक गोष्ट फार थोड्या आईबापांना माहीत असते. गुन्हा निर्घृण प्रकारातला (खून, बलात्कार असा) नसेल आणि सोबत कोणी मोठा आरोपी नसेल, तर नियमाप्रमाणे मुलावर एफआयआर होत नाही. स्टेशन डायरीत नोंद घ्यायची, मुलाचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल भरायचा आणि दोन्ही मंडळाकडे पाठवायचे. मुलाला ताब्यात घेण्याचीही सहसा गरज नसते. पालकांना तारीख देऊन "या दिवशी याला घेऊन मंडळासमोर या" एवढं पुरतं. प्रत्यक्षात सरसकट असं होत नाही, म्हणून हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे. ठाण्यातूनच जामिनावर सोडण्याचा अधिकारही पोलिसांना आहे. तेवढं विचाराच.

मुलाचा फोटो, नाव, शाळा, गल्ली, यांतलं काहीही छापायला, दाखवायला किंवा व्हॉट्सॲपवर फिरवायला कायद्याने बंदी आहे. बाल न्याय कायद्याचं कलम ७४. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड. गल्लीच्या ग्रुपवर कोणी फोटो टाकला असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि तो खाली घ्यायला लावा. धिंड काढण्याचा तर प्रश्नच येत नाही.

कागद

घरी असलेल्या माणसाला तोवर कपाट उघडायला सांगा. मुलाचं वय हा या सगळ्याचा पाया आहे, आणि ते गुन्हा घडला त्या दिवशीचं धरलं जातं. सतराव्या वर्षी घडलेल्या गोष्टीसाठी एकोणिसाव्या वर्षी पकडलं तरी प्रकरण बाल न्याय मंडळाकडेच चालतं. मोठ्यांच्या कोर्टात खटला संपून गेल्यावरही "तेव्हा मी अठराच्या आत होतो" हा दावा करता येतो.

कायदा तीन पायऱ्यांनी जातो. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिकेचा, नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. आधार कार्ड या यादीत नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर विसंबू नका, मूल पहिल्यांदा ज्या शाळेत गेलं तिच्या जनरल रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याने घ्या. आपल्याकडे निम्म्या वस्तीचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण नाव घालताना गुरुजींनी ती तारीख टाकली. पुढे तीच तारीख ठरवते की पोरगं मंडळासमोर बसणार की मोठ्यांच्या तुरुंगात जाणार. शाळेची तारीख खरी नाही असं वाटत असेल तर ते वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा.

वकिलासाठी दागिने गहाण टाकू नका. मुलांना आणि स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून. १५१०० हा त्यांचा नंबर. आवारात कोणी "सेटिंग करून देतो" म्हणत जवळ आलं तर त्याला पैसे देऊ नका, मुलाची माहितीही देऊ नका. मी अशा माणसांना मंगळसूत्र विकून पैसे दिलेल्या बाया पाहिल्या आहेत, आणि ते पैसे कुठल्याच कामाला आले नाहीत.

मंडळासमोर

बाल न्याय मंडळ तीन जणांचं असतं: एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांतली निदान एक स्त्री. पुष्कळ जिल्ह्यांत ते निरीक्षणगृहाच्याच आवारात बसतं, ज्याला लोक अजून रिमांड होम म्हणतात. तिथे आरोपीचा पिंजरा नसतो. टेबलापलीकडे ते बसतात, अलीकडे मूल आणि तुम्ही. सुट्टीच्या दिवशी किंवा मंडळ बसलेलं नसताना मुलाला एकट्या सदस्यासमोरही हजर करतात, त्यामुळे "आज रविवार आहे, उद्या बघू" हे कोणी सांगितलं तर मान्य करू नका.

मराठी नीट समजत नसेल तर दुभाषा मागा, तो तुमचा हक्क आहे. सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या किती आया मान हलवत उभ्या राहतात आणि बाहेर आल्यावर विचारतात, "काय म्हणाले?"

जामिनाचा नियम मोठ्यांच्या उलट आहे. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडायचं हा नियम आणि ठेवायचं हा अपवाद. अपवाद तीनच: सोडलं तर तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीला जाईल, त्याच्याच शरीरा-मनाला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच हरेल. जामीन नाकारला तर कारण लिहावं लागतं. म्हणजे तुम्हाला काय दाखवायचं आहे ते बघा. गल्लीतल्याच टोळीने त्याला ओढलं असेल आणि तुम्ही "घरीच ठेवतो" म्हणालात, तर मंडळ का विश्वास ठेवेल? त्याऐवजी मामाकडे, आत्याकडे, दुसऱ्या गावी ठेवायची तयारी सांगा आणि त्या मामाला सोबत आणा. रिकामं आश्वासन आणि समोर उभा राहिलेला मामा यांत फार फरक पडतो. जामीन मिळाला पण जामीनदार किंवा पैसा जमत नसेल, तर सात दिवसांनी मुलाला पुन्हा मंडळासमोर आणून अटी बदलून घेता येतात. हे न कळल्यामुळे पोरं उगाच आत राहतात. आठव्या दिवशी वकिलाला आठवण करा.

घरी येणारी बाई

आता माझ्या कामाचं सांगते, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त इथे ठरतं आणि सगळ्यात कमी लक्ष इथेच दिलं जातं. मूल ताब्यात आल्यावर परिविक्षा अधिकाऱ्याला कळवतात आणि त्याने दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. त्यासाठी तो किंवा ती तुमच्या घरी येते. लोकांना वाटतं ही पोलिसांकडून पुरावा गोळा करायला आली. मग घर आवरलेलं, बाप कामावर धाडलेला, शेजारीण पढवलेली.

असं करू नका. मी विडी वळणाऱ्या एका आईकडे गेले होते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बोलताना हात थांबत नव्हते. पोराने मोबाईल हिसकावला होता. तिने आधी सांगितलं, पोरगं गुणी आहे, शाळेत जातं. शाळेत विचारलं तर आठवीनंतर नाव नव्हतं. दुसऱ्या फेरीला तिने सूप खाली ठेवलं आणि खरं बोलली. बाप पिऊन मारतो, पोरगं रात्री यंत्रमागाच्या शेडमध्ये झोपतं, तिथला एक मोठा मुलगा त्याला जेवण देतो आणि मोबाईल आणायला सांगतो. हे कळल्यावर अहवाल बदलला. अक्कलकोटच्या मामाकडे त्याची राहण्याची सोय झाली, बापाला समुपदेशनाला बोलावलं गेलं आणि त्या मोठ्या मुलाचं नाव पोलिसांच्या तपासात आलं. मुलांना हाताशी धरून गुन्हे करवणाऱ्या प्रौढाला या कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे. पण आईने तोंड उघडलं नाही तर ते कलम लागणार कुठून?

म्हणून अधिकारी घरी येईल तेव्हा खरं सांगा. व्यसन असेल तर सांगा, गांजा असो, पंक्चरचं सोल्युशन हुंगणं असो. लपवलंत तर ते दुसरीकडून कळतंच, आणि मग तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो. सांगितलंत तर मंडळ उपचाराला पाठवू शकतं. डोक्याला मार लागला होता का, फिट येतात का, वाचता येत नाही म्हणून शाळा सुटली का, घरात कोणी हात टाकला होता का, हे सगळं त्या अहवालात यायला हवं. दवाखान्याची जुनी फाईल काढून ठेवा. शिक्षक, गॅरेजचा मालक, तालमीतले वस्ताद, ज्याला पोराबद्दल खरं काही सांगता येईल अशा माणसाचं नाव आणि नंबर द्या. आणि पुढचं काय ठरवलं आहे ते सांगा: आयटीआयला घालणार, सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवणार, रात्री घरी कोण असणार. अहवालाच्या शेवटी अधिकारी शिफारस लिहितो. तिथे लिहिण्याजोगं काहीतरी तुम्ही दिलं पाहिजे.

सोळा ते अठरा

गुन्हे तीन गटांत आहेत. तीन वर्षांपर्यंत शिक्षेचे किरकोळ: साधी चोरी, हिसकावणं. त्यावरचे गंभीर. आणि ज्यांची किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त आहे ते निर्घृण: खून, बलात्कार. सगळा भर त्या "किमान" शब्दावर आहे. खुनाच्या प्रयत्नाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, पण किमान ठरलेली नाही, म्हणून तो गंभीर गटात पडतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केलं आणि २०२१ च्या दुरुस्तीत ते कायद्यात आलं. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले आणि तीनशे शब्दांच्या निबंधाची अट घालून ती चालवणाऱ्या अठराखालच्या मुलाला जामीन मिळाला. तेव्हा लोक भयंकर चिडले, मीही चिडले होते. पण त्या मुलाला प्रौढ म्हणून चालवायची मागणी २०२५ मध्ये मंडळाने फेटाळली. लावलेल्या कलमांना सात वर्षांची किमान शिक्षा नसली की कायद्यात तो रस्ताच उरत नाही. माझा आक्षेप जामिनाला नव्हता. घराची, संगतीची, दारूची चौकशी होण्याआधी काही तासांत अटी ठरल्या, त्याला होता. आणि विडीवाल्या आईच्या पोरालाही जामीन तितक्याच लवकर मिळायला हवा, एवढंच मला वाटत राहिलं.

(गाडीची किल्ली पोराच्या हातात देणाऱ्यांनी हेही वाचा: मोटार वाहन कायद्याच्या १९९अ कलमाखाली पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. मुलाला पंचवीस वर्षांपर्यंत परवाना नाही.)

निर्घृण गुन्हा आणि वय सोळाच्या वर, असं जुळलं तरच, मुलाला प्रौढ म्हणून चालवायचं का हे ठरवायला, प्राथमिक मूल्यांकन होतं. मुलाची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणामांची समज आणि परिस्थिती मंडळ बघतं, तीन महिन्यांत, मानसशास्त्रज्ञाची मदत घेऊन. हा खटला नव्हे, "तू केलंस का" हे इथे ठरवायचं नसतं. मुलाला हे आधीच समजावून न्या, नाहीतर ते घाबरून काहीही बोलतं. अहवालाची प्रत वकिलाने मागितलीच पाहिजे. प्रकरण बालन्यायालयाकडे (हे मंडळाहून वेगळं, मुलाला प्रौढ म्हणून चालवू शकणारं कोर्ट) गेलं तरी तिथेही मुलाला फाशी होत नाही, सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेपही नाही, आणि एकवीस वर्षांचा होईपर्यंत तो सुरक्षित स्थानात राहतो, तुरुंगात नाही.

माझ्या शेवटच्या वर्षांत या गटात सगळ्यात जास्त दिसायची ती प्रेमप्रकरणं. सतराचा मुलगा, सोळाची मुलगी, पुण्याला पळून गेलेले. पोक्सोमध्ये (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात) अठराखालच्या मुलीची संमती धरत नाहीत आणि किमान शिक्षा दहा वर्षांपासून सुरू होते, म्हणून हे थेट निर्घृण गटात. इथे आईबाप दोन गोष्टी हमखास करतात. एक, मुलीच्या घरी तडजोडीला जातात, त्याचा अर्थ दबाव असा होतो. दोन, "लग्न लावून टाकू" म्हणतात, म्हणजे बालविवाहाचा नवा गुन्हा. मुलाच्या फोनमधलं काही पुसू नका. दोघांची चॅट त्याच्याच उपयोगाची असू शकते. फोन वकिलाला दाखवा आणि मुलीच्या घरच्यांशी बोलणं थांबवा.

निकाल आणि नंतर

चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने वाढवून. किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यातही संपली नाही तर प्रकरण आपोआप बंद होतं, हे तारखा मोजून वकिलाला विचारा. दोष दिसला तर मंडळ समज देऊन सोडू शकतं, समुपदेशन, सामाजिक सेवा, पालकांनी भरायचा दंड, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर देखरेख, आणि शेवटी विशेष गृह, जास्तीत जास्त तीन वर्षं. मुलाने केलेलं ज्याच्या अंगावर आलं, त्या माणसाचा या सगळ्यात कुणी विचार करत नाही असं पुष्कळांना वाटतं. ज्याचा मोबाईल गेला, ज्याचं डोकं फुटलं, त्याची नुकसानभरपाई जमेल तेवढी करा, वकिलाला विचारून, मंडळासमोर. पोराला ते बघू द्या.

देखरेखीचा आदेश झाला की परिविक्षा अधिकाऱ्याच्या प्रत्येक तारखेला मुलाला घेऊन जा. बसचे पैसे नसतील तर तसं फोन करून सांगा. न सांगता गैरहजर राहू नका.

आदेश मान्य नसेल तर अपिलाला तीस दिवस आहेत. मान्य असो वा नसो, प्रमाणित प्रत घ्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत, रेशन कार्डाबरोबर ठेवा. चार वर्षांनी पोरगं पोलीस भरतीचा किंवा सैन्याचा फॉर्म आणेल आणि विचारेल, "आई, इथे काय लिहू?" मंडळाने निकाल दिलेल्या मुलाला त्या गुन्ह्यामुळे कुठलीही अपात्रता येत नाही (कलम २४), आणि बंद झालेल्या प्रकरणाची माहिती पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठीही द्यायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या एका उमेदवाराला याच आधारावर दिलासा दिला. अपवाद फक्त सोळावरच्या, बालन्यायालयाने प्रौढ म्हणून चालवलेल्या मुलाचा. फॉर्ममधला प्रश्न नेमका कसा विचारलाय ते बघून, आदेशाची प्रत हातात घेऊन, विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडून उत्तर लिहून घ्या. सायबर कॅफेतल्या मुलाला विचारून लिहू नका.